बोलपटाची भाषा

घर सोडून दूर देशी गेलेल्या माणसाला प्रथम कशाची उणीव भासत असेल? कोणी म्हणेल घरच्या जेवणाची, कोणी म्हणेल सणासुदीची. मला वाटते, कानांची भूक ही पोटाच्या भुकेइतकीच खरी असते. डाळ, पीठ, मसाले आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. परंतु आपल्या भाषेत सहज चाललेले बोलणे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून परमुलखात राहणारा मनुष्य आपल्या भाषेतील चित्रपट कोठे लागला आहे याचा शोध घेत असतो, आणि तो लागला की दोन-दोन तासांचा प्रवास करून पाहावयास जातो.

या शोधात एक चमत्कारिक अडचण येते. कित्येकदा चित्रपट सापडतो, पण त्याची भाषा सापडत नाही. २००४ साली जर्मनीतील एका दूरचित्रवाणी वाहिनीवर ‘कभी खुशी कभी गम’ हा हिंदी चित्रपट दाखविला गेला. तो जर्मन लोकांना फार आवडला. पण त्यात अमिताभ बच्चन जर्मन बोलत होते! तेथे राहणाऱ्या भारतीयांनी मोठ्या आशेने संच लावला असेल आणि ओळखीच्या चेहऱ्यांतून अनोळखी आवाज ऐकून त्यांना कसेसेच झाले असेल. जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स या देशांत परभाषेतील चित्रपटावर आपल्या भाषेचा आवाज चढविण्याची, म्हणजे डबिंगची, रीत जुनी आहे. याउलट नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, पोर्तुगाल या देशांत मूळ आवाज तसाच ठेवून पडद्याच्या तळाशी अनुवादाच्या ओळी उमटवितात. या ओळींना आपण उपशीर्षके म्हणतो. फिनलंडमध्ये फिनिश व स्वीडिश अशा दोन भाषा चालतात. म्हणून तेथील चित्रपटगृहांत कित्येकदा वरची ओळ एका भाषेची आणि खालची दुसऱ्या भाषेची असते.

माझा एक माजी विद्यार्थी काही वर्षे म्युनिक येथे नोकरीनिमित्त होता. त्याने मला लिहिले होते, “सर, पाव मागण्याचे जर्मन मी नंतर शिकलो, आधी ‘ओव्ही’ आणि ‘ओएमयू’ ही अक्षरे शिकलो.” जर्मनीतील चित्रपटगृहांच्या वेळापत्रकात ‘ओव्ही’ म्हणजे चित्रपट मूळ भाषेत, आणि ‘ओएमयू’ म्हणजे मूळ भाषेत असून तळाशी जर्मन उपशीर्षके. ही अक्षरे नसतील तर तो चित्रपट जर्मन बोलणार हे ओळखून असावे. तिकीट काढण्यापूर्वी प्रेक्षकाला आपण काय ऐकणार आहोत हे कळते, ही त्या लोकांची शिस्त मला फार आवडते. आपल्याकडेही एकच चित्रपट चार भाषांत लागतो, आणि एखाद्या जाहिरातीत त्या चारही भाषांची नावे इतक्या बारीक अक्षरांत असतात की चष्मा लावूनही ती वाचता येत नाहीत.

मराठी माणसाची अडचण याहून मोठी. हिंदी चित्रपट परदेशातील चित्रपटगृहांत निदान पोहोचतो. मराठी चित्रपट क्वचितच पोहोचतो, आणि पोहोचला तरी एखाद्या रविवारी एकच खेळ. त्यामागे बहुधा तेथील महाराष्ट्र मंडळाची खटपट असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. गणेशोत्सव, दिवाळी, नाटके यांबरोबर अशी मंडळे मराठी चित्रपटांचे खेळही घडवून आणतात. कोणी सभागृह ठरवितो, कोणी तिकिटांची जबाबदारी घेतो, कोणी मध्यंतरासाठी बटाटेवडे करून आणतो. अशा खेळाला भारतातून आलेले आजी-आजोबा असतात, त्यांची मुले असतात आणि मराठी अर्धवट समजणारी नातवंडेही असतात. एरवी घरात आजी मराठीत विचारते व नातू इंग्रजीत उत्तर देतो. त्या दोन तासांत मात्र दोघे एकाच वाक्याला हसतात. तो चित्रपट डबिंग करून इंग्रजीत आणला असता तर नातवाची सोय झाली असती, पण आजी त्या सभागृहात परकी झाली असती. तळाशी इंग्रजी ओळी असल्या म्हणजे दोघांनाही जागा राहते.

मुलांनो, हा प्रश्न चित्रपटाच्या जन्मापासूनचा नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात झळकला, तेव्हा तो मुका होता. कथेचा धागा कळावा म्हणून मधूनमधून मजकुराच्या पाट्या दाखवीत, आणि पाट्या बदलल्या की चित्रपट दुसऱ्या प्रांतात नेता येई. चित्राला भाषा नव्हती, म्हणून त्याला सीमाही नव्हती. पुढे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्याच मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, आणि चित्रपट बोलू लागताच तो एका भाषेचा झाला. कान मिळाले, पण मुलूख आक्रसला.

यावर आपल्या प्रभात फिल्म कंपनीने जो उपाय काढला तो मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. १९३२ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. तो त्यांनी मराठीत व हिंदीत असा दोनदा तयार केला. एक प्रसंग मराठीत घ्यावयाचा, मग तोच हिंदीत घ्यावयाचा. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ याही चित्रपटांचे असेच हिंदी अवतार झाले. १९४१ च्या ‘शेजारी’ मध्ये मराठीत केशवराव दाते यांनी केलेली भूमिका हिंदीत मझहर खान यांनी केली. दोन्हीकडे ओठ आणि आवाज एकाच माणसाचे. कोणी कोणाच्या तोंडात शब्द कोंबले नाहीत. यात खर्च मात्र जवळजवळ दुप्पट! म्हणून ही रीत फार काळ टिकली नाही, याचे नवल नाही. आणि गंमत अशी की प्रभातचा जो चित्रपट सर्वांत दूर गेला, तो एकाच भाषेत होता. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’ मराठीच होता, आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली.

त्याच इटलीत त्या काळी परदेशी चित्रपटातील परकी भाषा सर्वसामान्य प्रेक्षकाच्या कानावर पडू दिली जात नसे. मुसोलिनीच्या राजवटीने १९३० च्या सुमारास परभाषेतील संवादांना बंदी घातली होती. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने १९४१ साली सर्व चित्रपट स्पॅनिश भाषेत डब केलेच पाहिजेत असा हुकूम काढला. त्यात भाषाभिमान होता, आणि एक सोयही होती: आवाज बदलताना अर्थ बदलता येतो. ‘मोगॅम्बो’ या १९५३ च्या अमेरिकन चित्रपटातील नवराबायको स्पॅनिश डबिंगमध्ये भाऊबहीण होऊन बसले! त्या दोघांचे वागणे पाहून स्पॅनिश प्रेक्षक किती गोंधळले असतील, कल्पना करा. मूळ आवाज कानांवर पडत असता तर अशी लबाडी इतक्या सहजपणे खपली नसती. उपशीर्षक चुकले तर मूळ भाषा जाणणारा एखादा तरी प्रेक्षक ते पकडतो. डबिंगमध्ये पुरावाच पुसला जातो.

डबिंग करणाऱ्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, हे येथे स्पष्ट सांगतो. ते काम अतिशय कठीण आहे. तुम्ही व्याकरणात वर्णांची उच्चारस्थाने शिकला आहात. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ते उच्चारताना दोन्ही ओठ मिटावेच लागतात. आता समजा, तमिळ चित्रपटातील मूल ‘अम्मा’ अशी हाक मारते. पडद्यावर त्याचे ओठ मिटताना दिसतात. मराठीत त्या जागी ‘आई’ शब्द घालावयाचा, तर ‘आई’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत. आरशासमोर उभे राहून म्हणून पाहा. मग बिचाऱ्या अनुवादकाला ‘माय’ किंवा ‘मम्मी’ असा ओठ मिटणारा शब्द शोधावा लागतो. वाक्य लांबले तर कापायचे, आखूड झाले तर उगाच एखादा ‘बरं का’ जोडायचा. अशा रीतीने अर्थाऐवजी ओठांची चाकरी सुरू होते, आणि त्या घरातील मुलाच्या तोंडी जो शब्द शोभला असता तो बाजूला राहतो.

उपशीर्षकांनाही शिस्त असते. एका वेळी दोनच ओळी आणि त्या फार तर सहा सेकंद ठेवावयाच्या, असा साधारण नियम आहे. तेवढ्यात वाचून डोळा पुन्हा चित्राकडे वळला पाहिजे. त्यामुळे लांबलचक संवादाचा अर्क काढावा लागतो. पाल्हाळाला जागा नाही. शाळेतील सारांशलेखन कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण देत असे. नुकसान यातही होते. पण जे गाळले गेले ते निदान ऐकू येत राहते. आवाजातला कंप, थांबणे, रागाने वाढलेली पट्टी, गावाकडचा हेल यांचा अनुवाद करावाच लागत नाही, ते आपोआप पोहोचतात.

आणि हेल ही लहान गोष्ट नव्हे. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’ मधील मुले सोलापूरकडच्या ग्रामीण बोलीत बोलतात. ती बोली काढून तेथे पुस्तकी मराठी घातली तर चित्रपट राहील, पण करमाळ्याची माती निघून जाईल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिके मिळाली. त्यात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या चारही भाषा येतात. सरकारी वकीलबाई घरी मराठी बोलतात, बचावाचे वकील आपल्या आईवडिलांशी गुजराती, आणि न्यायालयात कायद्याची कलमे इंग्रजीत वाचली जातात. आरोपीला त्यातले किती कळत असेल, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात येतो तो या भाषांच्या फरकामुळेच. हा चित्रपट कोणी सबंध एका भाषेत डब केला तर त्याचा अर्धा जीव जाईल.

तुमच्याच वयाच्या मुलांची एक हकीकत आता सांगतो. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवातील बालविभागात दाखविला गेला. वडील वारलेले, आईची बदली झालेली, म्हणून पुणे सोडून कोकणातील एका गावात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय, आणि हळूहळू मिळत गेलेले मित्र, एवढेच त्याचे कथानक. त्या विभागातील पारितोषिक मुलांचेच परीक्षक मंडळ ठरविते. परीक्षक अकरा ते चौदा वर्षांचे असतात. लहान मुलांना उपशीर्षके भराभर वाचता येत नाहीत, म्हणून तेथे एक सुंदर सोय करतात. सभागृहात एक वाचक ध्वनिक्षेपकासमोर बसून चित्रपट चालू असतानाच संवादांचा जर्मन अनुवाद वाचून दाखवितो. मूळ आवाज बंद करीत नाहीत. तो त्या वाचनाबरोबर ऐकू येत राहतो. अशा रीतीने कोकणातला पाऊस, समुद्र आणि मराठी बोलणे बर्लिनच्या मुलांच्या कानी पडले, आणि त्यांनी ‘क्रिस्टल बेअर’, म्हणजे स्फटिकाचे अस्वल, हे पारितोषिक ‘किल्ला’ ला दिले. मराठीचे एक अक्षरही न येणाऱ्या मुलांना चिन्मयचे एकटेपण कळले. त्यासाठी चिन्मयला जर्मन बोलावे लागले नाही.

देवनारच्या आमच्या परिसरालाही अशा प्रवासाची एक आठवण आहे. शेजारी चेंबूरला राज कपूर यांनी १९४८ साली आर. के. स्टुडिओ सुरू केला. २०१७ साली तो आगीत जळाला, पुढे जागा विकली गेली. या संस्थेचा १९५१ सालचा ‘आवारा’ १९५४ साली सोव्हिएत रशियात दाखविला गेला आणि तेथील लोकांनी तो डोक्यावर घेतला. संवाद रशियन भाषेत डब केले होते. गाणी मात्र हिंदीतच ठेवली होती. आता लक्षात घ्या, त्या लोकांच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या काय राहिले? हिंदी गाणे! अर्थ पुरता न कळता, शब्द वेडेवाकडे उच्चारीत, पण तेच. डब केलेले संवाद रशियात कोणी गुणगुणत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

देवनार म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर कचऱ्याचे डोंगर उभे राहतात. हा अर्धा परिचय झाला. याच देवनारमध्ये १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तेथे देशाच्या सर्व प्रांतांतून विद्यार्थी येतात. १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही येथेच आहे, आणि तीत आशिया व आफ्रिकेतील देशांचे विद्यार्थी शिकून गेले आहेत. पलीकडे अणुशक्तीनगरात देशभरातून आलेली शास्त्रज्ञांची व कर्मचाऱ्यांची कुटुंबे, चेंबूरला तमिळ, मल्याळी, सिंधी, पंजाबी वस्ती. म्हणजे म्युनिकमध्ये जो माझा विद्यार्थी परका होता, तसे कितीतरी परके आपल्या गल्लीत राहतात, आणि त्यांनाही आपापल्या भाषेची भूक लागत असणार. परदेशात आपल्याला जे मिळावेसे वाटते ते आपल्या दारी आलेल्याला मिळते काय, हे आपण पाहिले पाहिजे.

मल्याळी वा तमिळ चित्रपट मुंबईत मूळ भाषेत लागतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्या तळाशी उपशीर्षके असलीच तर ती इंग्रजी असतात. माझा आक्षेप येथे आहे. देवनारच्या मराठी शाळेत सातवीत शिकणाऱ्या मुलीने शेजारच्या मल्याळी मैत्रिणीबरोबर तो चित्रपट पाहावयाचा म्हटले तर तिने काय करावे? इंग्रजी ओळी सहा सेकंदांत वाचणे तिला जमत नाही. मग तिच्यासाठी उरते ते हिंदी डबिंग; मैत्रिणीसाठी मूळ मल्याळी. दोघी दोन वेगळ्या सभागृहांत! महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत परप्रांतीय चित्रपटांना मराठी उपशीर्षके असावीत, आणि मराठी चित्रपटांना नेहमीच इंग्रजी किंवा हिंदी उपशीर्षके असावीत, असे माझे ठाम मत आहे. खर्च वाढेल हे खरे. परंतु नवीन आवाज भरण्याच्या खर्चापुढे दोन ओळी लिहून घेण्याचा खर्च किती थोडा!

मराठी चित्रपटाची स्वतःच्या घरातली स्थितीही फार सुखाची नाही. बहुपडदा चित्रपटगृहांत त्याला लोकांच्या सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली महाराष्ट्र शासनाला नियम घालून द्यावा लागला. पूर्वी दादरचे प्लाझा आणि गिरणगावातील भारतमाता ही चित्रगृहे मराठी चित्रपटांची माहेरघरे समजली जात. नियमाने वेळ मिळते, प्रेक्षक मिळत नाहीत. ते आपल्यालाच व्हावे लागते.

आता एक प्रामाणिक हरकत विचारात घेऊ. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करावे? अंध व्यक्तींनी काय करावे? पाच वर्षांच्या बालकाने? त्यांच्यासाठी डबिंग हवेच. ते बंद करा असे मी म्हणत नाही. १९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदी बोलू लागला तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या असंख्य लोकांनी आनंदाने डायनोसॉर पाहिले, आणि डायनोसॉरच्या गर्जनेला तरी भाषांतर लागत नाही. माझे म्हणणे इतकेच की डबिंग असावे, पण मूळ भाषेची वाट बंद करून नसावे. आणि ज्यांचे वाचन कच्चे आहे त्यांनी उपशीर्षकांना भिऊ नये. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९९६ साली प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी एक कल्पना मांडली: दूरचित्रवाणीवर गाणे चालू असताना त्याचेच शब्द त्याच भाषेत पडद्यावर उमटवावेत, म्हणजे गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव होईल. पुढे दूरदर्शनवर तसा प्रयोग झाला. डोळे आपोआप ओळीमागे धावतात. ते थांबवू म्हटले तरी थांबत नाहीत.

देवनारमधील एखाद्या शाळेने पावसाळ्यातील एखाद्या शनिवारी आवश्यक ती परवानगी घेऊन ‘किल्ला’ दाखवावा, असे माझ्या मनात आहे. शेजारच्या संस्थांतील परप्रांतीय व परदेशी विद्यार्थ्यांना बोलवावे. तळाशी इंग्रजी ओळी असतीलच. पण हिंदीत अनुवाद वाचण्याचे काम बर्लिनच्या पद्धतीने एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिक्षेपकासमोर बसून करावे. त्यासाठी महिनाभर आधी संवाद उतरवून घ्यावे लागतील, सारांश करावा लागेल, कोठे बोलायचे आणि कोठे फक्त पाऊस ऐकू द्यायचा हे ठरवावे लागेल. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण मुले एकदा ध्वनिक्षेपक हाती आला की सोडत नाहीत. वाचणारा आवाज स्पष्ट हवा. वर्गात ज्याला मला “मोठ्याने वाच” असे दहा वेळा सांगावे लागे, अशा मुलाला मात्र हे काम देऊ नये. त्याला तिकिटांच्या मेजावर बसवावे, आणि प्रत्येक पाहुण्याला चित्रपट कोणत्या भाषेत आहे व तळाशी कोणत्या भाषेची अक्षरे आहेत, हे सांगावयास लावावे.